अठरा हजार भक्त आणि ठमाबाई

निमगाव केतकीच्या त्या मंगल कार्यालयात ना नवरा होता ना नवरी, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर भला मोठा पडदा, पडद्यावर पांढऱ्याशुभ्र दाढीचे नेत्रानंद महाराज, आणि पडद्याखाली एक वेताची पाटी. पाटीत चष्मे होते. जाड भिंगांचे, दोऱ्यानं बांधलेले, एका काडीचे आणि काही अगदी नवेकोरे. महाराजांनी "टाका!" म्हटलं की माणसं उठत, चष्मा पाटीत टाकत आणि खुर्च्यांना धडकत जागेवर येत. धडकणं हीसुद्धा कृपाच समजली जाई.

"बाळांनो, डोळा म्हणजे ज्योत," महाराज मऊ आवाजात सांगत होते. "ज्योतीवर पाण्याचा थेंब पडला तर काय होतं?"

"विझती!" सभा ओरडली.

"आणि डॉक्टर डोळ्यांत काय घालतात?"

"थेंब!"

"मग ज्योत कोण विझवतंय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चौथीतल्या पोरानं असलं तर्कट लढवलं असतं तर गुरुजींनी त्याला बाकावर उभं केलं असतं. इथे त्याला ज्ञान म्हणत होते.

पडद्याच्या उजव्या कडेनं महाराष्ट्रभरच्या भक्तांचे निरोप धो धो वाहत होते. ‘माउली, मोतीबिंदू विरघळला – शोभा, जत.’ ‘माउली, सुईत दोरा ओवला – वत्सला, परतूर.’ वरच्या कोपऱ्यात आकडा होता, आणि रणजित तो दर पाच मिनिटांनी माइकवरून वाचून दाखवत होता, "अठरा हजार चारशे भक्त हजर!" दोन वर्षांपूर्वी याच रणजितचं मोबाइलचं दुकान बसलं होतं. आता तो महाराजांचा गावातला एकुलता एक सेवक होता आणि दारातल्या टेबलावर महाराजांचं ‘ज्योती अंजन’ विकत होता.

"म्हाराज हिमालयातनं बोलत्यात," तो सांगे. "तितं जायला रस्ता न्हाय, पर रेंज हाय. आता ह्याला कृपा न्हाय म्हणायची तर काय म्हणायचं?"

शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला आप्पासाहेब बसले होते. गावच्या वाचनालयात त्यांनी तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली. पुस्तकांत दिवस गेला की माणसांशी बोलायला त्यांच्याकडे शब्द उरत नसत. ते इथे आले होते ते बायकोसाठी. कुशाबाई पहिल्या रांगेत हात जोडून बसल्या होत्या.

कुशाबाईंना काचबिंदू होता. बारामतीच्या डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं होतं, "यात नजर कडेनं आत आत मिटत येते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. रोज थेंब घालायचे, जन्मभर. गेलेली नजर मी परत आणू शकत नाही, आहे ती राखू शकतो." आणि चार महिन्यांपासून कुशाबाईंनी एक थेंब घातला नव्हता. सील न फोडलेल्या बाटल्या आप्पासाहेबांना तांदळाच्या डब्यामागे सापडल्या.

"अगं, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टर एकटं. हितं अठरा हजार माणसं सांगत्यात. आन तुमी अठरा हजारांपेक्षा शानं व्हय?"

वाचनालयाच्या अकरा जणांच्या समितीत आप्पासाहेबांनी कधी विरोधात हात वर केला नव्हता. त्यांनी काचबिंदूवरची तीन पुस्तकं वाचली, टिपणं काढली, आणि तरीही मनात एक किडा वळवळत राहिला. एवढी माणसं म्हणतात, तर आपलंच वाचन कुठे कमी पडत असेल का?

त्यात सुमन होती. महाराजांच्या ग्रुपमधली, लोणी भापकरची. कुशाबाईंच्याच वयाची, आजारही तोच. सकाळ, दुपार, संध्याकाळ तिचा निरोप येई आणि फोन तो वाचून दाखवी, ‘कुशाताई, जेवलात का? पाठ कशी आहे?’ कुशाबाई फोनमध्ये बोलल्या की घोट गिळायच्या आत उत्तर हजर.

"सुमननंबी थेंब सोडलं," कुशाबाई म्हणाल्या. "आता जात्याच्या दगडावरचं टाकीचं बारीक घावसुदीक दिसत्यात म्हणं तिला."

"पण कुणाच्यातली ती? माहेर कुठलं?"

हा प्रश्न या भागात एसटी स्टँडवरची अनोळखी माणसंसुद्धा गाडी हलायच्या आत मिटवून टाकतात.

"इचारलं की. म्हणली, ताई, आपण समद्या माउलीच्यातल्या."

हे उत्तर आप्पासाहेबांना खटकलं. दुसऱ्या दिवशी ते लोणी भापकरला गेले. पारावरच्या म्हाताऱ्यांना भीत भीत विचारलं. एक जण हसला. "काचबिंदूवाली सुमन? आवं, हितं कुणाकडं पाव्हणा आला तर त्यो चहा पिऊन उठायच्या आत गावाला कळतंय. असली कुणी न्हाय."

"ऱ्हात आसंल वस्तीवर," कुशाबाई फणकारल्या. "तुमी काय समद्या वस्त्या हिंडला?"

हिंडले नव्हते. किडा पुन्हा वळवळला.

बहिणीची मुलगी सुप्रिया बारामती एमआयडीसीत एका डेअरीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. रविवारी ती आली तेव्हा आप्पासाहेबांनी तिला सगळं सांगितलं. तिनं मामीचा फोन घेतला, दहा मिनिटं वाचला आणि विचारलं, "मामा, ही बाई मामीला एकदा तरी ‘न्हाय’ म्हणालीय का?"

आप्पासाहेबांनी आठवून पाहिलं. "न्हाय."

"माणूस कधी ना कधी न्हाय म्हणतंय. आता एक करा. तिला माहीत असूच शकत न्हाय अशा कुणाची तरी चौकशी करा. पण एकट्या तिच्याकडं नको. सगळ्यांदेखत."

पुढच्या गुरुवारी रणजितनं नेहमीसारखी हाळी दिली, "कुणाला अनुभव सांगायचाय का?" खांबाआडून एक हात वर आला. दोनशे माना वळल्या. उठलेल्या आप्पासाहेबांना आता परत खाली बसणं जास्त अवघड होतं.

"या आबा, या!" रणजित खूश झाला. वाचनालयातला माणूस गळाला लागला म्हणजे चांगलीच शिकार.

"माझा अनुभव न्हाय," आप्पासाहेब माइकमध्ये कसेबसे म्हणाले. "मला भक्तांना एक विचारायचंय. ठमाबाईंचा डोळा आता कसा हाय?"

मागे उभ्या असलेल्या सुप्रियानं तोच प्रश्न मामीच्या फोनवरून महाराजांच्या सभेत टाकला. पहिल्या रांगेत कुशाबाईंनी गर्रकन मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"कोण ठमाबाई?" रणजितनं विचारलं. पण पडदा त्याच्यासाठी थांबला नाही.

‘ठमाबाई कालच भेटल्या, एकदम ठणठणीत! – शोभा, जत.’

‘माउलींच्या कृपेनं ठमाबाईंनी सुईत दोरा ओवला – वत्सला, परतूर.’

‘ठमाबाई आमच्या शेजारीच राहतात. आता चष्म्याविना पोथी वाचतात – जनार्दन, चिखली.’

आणि मग, ‘कुशाताई, ठमाबाई माझी जिवाभावाची मैत्रीण. काल आम्ही दोघींनी मिळून थेंब फेकून दिले – सुमन, लोणी भापकर.’

आप्पासाहेबांनी माइक तोंडाजवळ धरला. "ठमाबाई ही आमची म्हैस हाय. आता गोठ्यात बांधलीय. उजव्या डोळ्यानं जन्मापासनं आंधळी."

हशा फुटला.

"आवं, म्हशीनं सुई धरली कशात?"

"शिंगात, दुसरं कशात!"

"पोथी वाचती म्हणं! मग धार कोण काढतंय?"

पडद्यावरचे महाराज मंद हसत होते. "बाळांनो," ते म्हणाले, "ठमाबाई ही पुण्यवान माता आहे. तिच्यासारखी निष्ठा ठेवा."

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. रणजित लॅपटॉपकडे धावला. निरोप थांबवायच्या घाईत त्यानं भलतंच बटण दाबलं. महाराज गेले आणि त्यांच्या जागी आतली यादी भिंतीएवढी होऊन पडद्यावर आली. सुप्रियानं ती मोठ्यानं वाचली.

"भक्त तीनशे अकरा. नाव सुमन. वय अठ्ठावन्न. समोरच्या बाईच्या तालुक्याजवळचं गाव सांगणे. तिला असेल तोच आजार सांगणे. कशालाही नाही म्हणू नये. औषधाचा विषय निघाल्यास ‘मीही सोडलं’ म्हणणे. रोज जेवणाची चौकशी करणे."

मग ती यादीच्या पहिल्या ओळीवर गेली. "महाराज. वय सत्तर. दाढी पांढरी. आवाज मऊ. मागे बर्फ."

"म्हंजी म्हाराजबी न्हाईत?" एक म्हातारा डोळे बारीक करून म्हणाला. "मग बोलत कोण व्हतं?"

"यंत्र, आबा," सुप्रिया म्हणाली. "कोट्यवधी माणसांचं लिखाण वाचून ते माणसासारखं बोलायला शिकलंय. चेहरा करतंय, आवाज करतंय, हजार नावं घेऊन हजार ठिकाणी एकदम बोलतंय. त्याला खऱ्याखोट्याचं काही न्हाय. जे सांगाल ते म्हणतंय. हे म्हणायला कुणी सांगितलं, ते इचारा. आन त्यो अठरा हजारांचा आकडाबी हितं टाइप केलेला हाय. हजर हाय ते फक्त तुमी."

आप्पासाहेब त्या आकड्याकडे बघत राहिले. महिनोन् महिने ज्यांच्यापुढे ते मान खाली घालून वावरले, ती माणसं एका चौकटीत टाइप केलेले पाच अंक होती.

सगळे रणजितकडे वळले. "पर श्रद्धा तर खरी हाय न्हवं?" तो पुटपुटला.

"श्रद्धा ऱ्हाऊ दे. माझा चष्मा कुठाय?" कुणीतरी ओरडलं आणि झुंबड पाटीवर पडली. चष्म्याविना कुणाला आपला चष्मा ओळखू येईना. रणजितला मात्र सगळ्यांनी बरोबर ओळखलं. पोलीस येईपर्यंत त्याला त्याच्याच टेबलामागे बसवून ठेवलं.

दोन दिवसांनी बारामतीला कुशाबाईंची तपासणी झाली. यंत्रात कडेकडेनं लुकलुकणारे ठिपके दिसले की बटण दाबायचं होतं. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला कितीतरी ठिपके लुकलुकले आणि विझले, कुशाबाईंचं बोट हललं नाही. डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला. तेवढा भाग काळा होता. "ही गेली," ते म्हणाले. "उरलेली राखू."

परतीच्या गाडीत कुशाबाई थेंबांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "सुमन न्हवतीच, ते कळलं मला. पर जेवलीस का, म्हणून ती रोज इचारायची. तुमी कधी इचारलंत?"

आप्पासाहेबांनी काचबिंदूवरची तीन पुस्तकं वाचली होती, हा प्रश्न त्यांत नव्हता. आपल्या घरातली ती जागा रिकामी होती, म्हणूनच रणजितला तिथे त्याचं यंत्र बसवता आलं, एवढं त्यांना कळलं. त्यांनी बायकोच्या हातातली थेंबांची पिशवी स्वतःकडे घेतली.

फोनमधली हजार माणसं एका सुरात एकच गोष्ट सांगू लागली, तर त्यांतल्या एकाच्या तरी दारात जाऊन उभं राहावं. औषध सोडायला सांगणाऱ्याचं घर सापडत नसेल, तर औषध सोडू नये. एवढं साधं आहे. ते कळायला कुशाबाईंना डाव्या डोळ्याची कड द्यावी लागली. इतरांनी ते फुकट घ्यावं.