रिकाम्या खोक्यांचं दुकान

कैरोच्या तौफिकिया बाजारात, गाड्यांच्या सुट्या भागांच्या आपल्या पिढीजात दुकानात वगदी रिकामी खोकी मांडत होता. छापील बाजू बाहेर, पोकळी आत. माल सावकारांनी उचलून नेला होता, दिवाळखोरीचा अर्ज न्यायालयात गेला होता. पण थोरला भाऊ हाज बहगत याच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. तोवर कुणाला कळता कामा नये, असा त्याचा हुकूम! कामगारांना सांगितलं होतं, नवा माल बंदरात अडकलाय.

गोदाम सांभाळणारा शरबिनी जवळ आला. "वगदीसाहेब, अलेक्झांड्रियाच्या बस आगारात नोकरी मिळतेय. आत्ताच कळवायचंय. जाऊ का?"

"का रे, आमच्या चहात साखर कमी पडते?" वगदी हसला. ते हसू त्याचं त्यालाच टोचलं.

"मग राहतो. बायको म्हणतेच, तुझं लग्न दुकानाशी लागलंय, मी आपली शेजारीण!"

तो फोन करायला दाराशी गेला. वगदी पुन्हा खोकी मांडू लागला. गल्ल्यावर बसलेली विधवा बहीण इन्शिराह म्हणाली, "अब्रू राखतोयस वाटतं?"

"ताई, व्याही माघार घेतील."

"व्याह्यांपुढे मिरवायचं बहगतने, आणि उपाशी राहायचं शरबिनीच्या पोरांनी? कसला हिशेब रे हा? उद्या त्या आगारात दुसरा बसलेला असेल!"

"दादा माझं तोंड बघणार नाही."

"नाही तर नाही. तसंही ते फार बघण्यासारखं नाही."

दाराशी शरबिनी फोनवर सांगत होता, "माफ करा साहेब, इथली माणसं मला घरच्यासारखी..."

"थांब!" वगदी धावला. "हो म्हण! दुकान संपलंय, शरबिनी. आम्ही खोटं बोललो!"

शरबिनीने फोनवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाला, "येतो साहेब. नक्की येतो." फोन ठेवून त्याने विचारलं, "आणि आपला लुत्फी ड्रायव्हर? त्याने परवा सुएझला मिळणारी नोकरी नाकारली. तुमच्याच शब्दावर."

 वगदीने सगळ्या कामगारांना फुटपाथवर बोलावलं आणि खरं काय ते सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी रडलं. खिशात दादाचा फोन वाजत होता. तो कापून त्याने लुत्फीसाठी सुएझचा नंबर फिरवला.

वाचकहो, धंदा कुणाचाही बुडू शकतो. पण ती वाईट बातमी मालकाने सर्वांत आधी आपल्या कामगारांना द्यावी. घराण्याच्या अब्रूचा खर्च त्यांच्या पोटातून वळता करू नये!