तुमच्या घरी, शनिवारी तीन वाजता

व्हाउटर पडद्याकडे बोट दाखवत सांगत होता, की मेक्सिकन माणूस साहेबाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही, त्याचा ‘हो’ पारखून घ्यावा लागतो. पोरं भराभर लिहून घेत होती. शेवटच्या बाकावर फिदेन्सियो आर्रिएता हाताची घडी घालून बसला होता आणि पुढचं वाक्य मनात आधीच म्हणत होता. म्हणणारच. वाक्य त्याचंच होतं.

परक्या मुलखातली माणसं हाताखाली कशी सांभाळावीत, हा विषय पुएब्लाच्या त्या मॅनेजमेंट कॉलेजात फिदेन्सियो केस काळे होते तेव्हापासून शिकवत होता. दोन वर्षांपूर्वी हा लांबोडका डच पाहुणा आला, याच बाकावर बसला, फिदेन्सियोच्या गोष्टींना सगळ्यात मोठ्याने हसला. आता त्याच गोष्टी रंगीत चित्रं लावून स्वतःच्या म्हणून सांगत होता. डीन बोनफिलबाई बेहद्द खूश. पुढच्या सत्रापासून विषय व्हाउटरला द्यायचं त्यांच्या मनात होतं. शनिवारपर्यंत कळवते, म्हणाल्या होत्या.

तेही फिदेन्सियोने गिळलं असतं. पण मग व्हाउटरने गिरणीतल्या एका कामगाराची गोष्ट काढली. परदेशी साहेबाने सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली, आणि सोबत्यांतून वेगळं काढलं म्हणून तो लाजेने आठवडाभर कामावर फिरकला नाही.

“माझ्या ओळखीचा एक कामगार,” व्हाउटर म्हणाला.

तो कामगार फिदेन्सियोचा बाप होता. व्हाउटरने मेक्सिको नकाशावर पाहिला नसेल तेव्हाच मेला होता.

फिदेन्सियोच्या मिशीत हसू उगवलं. कॉलेजातले जुने लोक ते हसू दिसलं की सावध व्हायचे. एका आखडू हिशेबनीसाला त्याने महिनाभर रोज नव्या माणसाकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा मिळवून दिल्या होत्या. शेवटी बिचारा स्वतःची जन्मतारीख तपासायला लागला.

तास संपल्यावर तो पुढे गेला, डीनबाईंसमोर व्हाउटरचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, “डॉक्टर, शनिवारी तीनला जेवायला, तुमच्या घरी. डीनबाईही येतायत. नाही म्हणायचं नाही.”

आमच्याकडे मेक्सिकोत स्वतःच्या घराला ‘माझं घर’ म्हणणारा माणूस अडाणी. पाहुण्याला बोलवायचं ते ‘तुमच्या घरी’, म्हणजे अर्थातच आपल्या. शेंबडं पोरही यात चुकत नाही. डीनबाईंना काहीच खटकलं नाही. व्हाउटर मात्र पांढराफटक पडला. हा गृहस्थ माझ्याच घरी स्वतःला जेवायला बोलावतोय, वर डीनलाही आणतोय! पण इथे तोंडावर नाही म्हणत नाहीत, हे त्याने नुकतंच तासभर शिकवलं होतं.

“आनंदाने,” तो म्हणाला. चोरलेल्या धड्यातच त्याचा पाय अडकला.

पत्ता फिदेन्सियोने दिला नाही, व्हाउटरने विचारला नाही.

शनिवारी फिदेन्सियोच्या बायकोने, तेन्चाने, मोलेचा दाट काळपट रस्सा केला. तिळाचा, मिरचीचा, चॉकलेटचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. डीनबाई आल्या. चार वाजले, मग साडेचार. फोन वाजला तसा फिदेन्सियोने तो न बोलता डीनबाईंच्या हातात दिला.

व्हाउटर विचारत होता, की सगळे आहेत कुठे? तो आणि बायको कधीचे वाट बघताहेत. घरी. स्वतःच्या.

बाईंनी फोनवर हात ठेवला. मग हसताना त्यांच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं. “जेवायला कुठं जायचं ते ज्याला कळत नाही, तो पोरांना परक्यांच्या रीती शिकवणार?” त्या म्हणाल्या. “मास्तर, विषय तुमचाच.”

फिदेन्सियोला वाटलं, उठून नाचावं. तेन्चा मात्र हसली नाही. “त्याची बायको सकाळपासून रांधत असेल,” ती म्हणाली, आणि रश्श्याचं भांडं उचलून त्याच्या हातात दिलं. “चल.”

ते भांडं फिदेन्सियोने लढाई जिंकून आल्यासारखं व्हाउटरच्या दारापर्यंत मिरवत नेलं, मागून तेन्चा आणि डीनबाई. दार व्हाउटरच्या बायकोने, मारिकेने उघडलं. ती तिघांकडे बघतच राहिली.

“आलात,” ती म्हणाली.

आत इस्त्रीचे रुमाल, मधोमध वाटाण्याचं सूप, त्यावर साय धरलेली. खुर्च्या एकसारख्या नव्हत्या. निम्म्या वरच्या मजल्यावरच्या घरमालकिणीकडून मागून आणलेल्या. सूप वाढताना मारिके तेन्चाशी बोलत होती. तक्रार म्हणून नाही, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. इथे सगळे प्रेमाने सांगतात, अमक्या दिवशी तुमच्या घरी जेवू. आम्ही रांधतो. कुणी येत नाही.

“मला वाटायचं, लोकांना आम्हीच आवडत नाही,” ती म्हणाली.

डीनबाईंनी सुपात मान घातली. नाताळात त्यांनीही ‘तुमच्या घरी’ म्हटलं होतं.

फिदेन्सियोने ओठांवर आलेला विनोद गिळला. रुमालाने मिशी पुसली आणि समोरच्या व्हाउटरला हळूच म्हणाला, “तुमच्या ओळखीच्या त्या कामगाराचं नाव एवारिस्तो आर्रिएता.”

व्हाउटरच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली. “एवारिस्तो,” तो अवघडत म्हणाला. “आर्रिएता.”

“अस्सं. आणि विषय मी सोडणार नाही.”

“सोडू नका,” व्हाउटर म्हणाला, आणि मोलेचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

निघताना फिदेन्सियोने कुणी न सांगता दोन खुर्च्या उचलल्या आणि वर पोचवायला गेला. घरमालकीण म्हातारी दारातच उभी होती.

“या बाईच्या मेजवान्या म्हणजे नवलच,” ती म्हणाली. “दर वेळी ही सांगते, छान झाली, खूप जण होते. आणि माझ्या खुर्च्या येतात चकाचक. सांडत कसं नाही कुणी?”

फिदेन्सियोने खुर्च्या दारात ठेवल्या.

म्हातारीने खुर्ची दिव्याकडे वळवली. कापडी बैठकीवर मोलेचा नाण्याएवढा डाग होता. तिने त्याला बोट लावलं, चाखलं.

“तीळ जरा कमी पडलेत,” ती म्हणाली आणि खुर्ची आत ओढून घेतली.

फिदेन्सियो उरलेल्या खुर्च्या आणायला खाली गेला.