देवाचा खोकला

उमरटोल्याच्या शाळेपुढच्या मैदानात त्या दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. धान कापणीला आलं होतं, विळे पाजवून ठेवले होते, पण बांधावर एक माणूस दिसत नव्हता. सगळं गाव एका गंजलेल्या पांढऱ्या अँबेसिडरला वेढा घालून उभं होतं. त्या मोटारीच्या जुन्या टेपमधून देव बोलत होता.

मोटार वाणीबाबांची. त्यांनी आधी टेपचं तोंड बोटानं उघडून दाखवलं. आत कॅसेट नव्हती. मग बॉनेटजवळची रेडिओच्या एरियलची काडी पिळून काढली आणि गावचे पोलीस पाटील गुणवंतराव यांच्या हातात दिली.

"कॅसेट नाही, वायर नाही, काडी नाही," बाबा म्हणाले. "विज्ञानाला वायर लागतो, भक्तहो. भगवान वायर नाही मांगत. आता आवाज आला, तर कोणाचा येणार?"

देवाचा, असं गाव एका सुरात म्हणालं. उत्तर प्रश्नातच घालून दिलं की माणसं चटकन हुशार होतात. गुणवंतराव ती काडी प्रसादासारखी दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

बाबांचा उजवा हात गोमुखीत होता. त्या कापडी पिशवीत माळ चालू असल्यानं ती सोडायची नाही, असं त्यांचं व्रत होतं म्हणे. दर्शनी काचेमागे देवीची तसबीर आणि झेंडूचे एवढे हार, की समोरच्या फळीवरचं टेपचं तोंड सोडून काहीच दिसत नव्हतं. बाबांशेजारी अंगभर राख फासलेला इसरू नावाचा शिष्य शंख घेऊन बसला होता.

चंदा पुढे आली. तिचा अश्विन पोळ्यानंतर तापानं गेला होता आणि आता कडेवरची धाकटी तापली होती. लेकरू काऊन गेलं, एवढंच तिनं विचारलं. बाबांनी डोळे मिटले, शंख वाजला आणि टेप बोलला.

"पश्चिमेच्या टोकाला चिंचेखालचं घर. एकटी बाई. ठमा तिचं नाव." इथे देव खोकला. "तिच्या करणीनं लेकरू गेलं. तिला आज गावाबाहेर काढा."

ठमाबाई गर्दीतच होती. बायका तिच्यापासून अशा सरकल्या, की क्षणात तिच्याभोवती रिकामं रिंगण झालं. चार जण धावत जाऊन तिच्या घरातून चादर, भाताचा गंज, दोन लुगडी गाठोड्यात बांधून घेऊन आले. रस्ता करायचा तर या गावाला सहा महिने माणसं मिळत नाहीत. म्हातारीला हाकलायला पाच मिनिटांत मिळाली.

हे सगळं करिष्मा बघत होती. ती गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई, आणि गुणवंतरावांची सून. अश्विनला हिवताप झाला होता, हे तिनं बोटाचं रक्त तपासून तेव्हाच सांगितलं होतं आणि गोळ्याही दिल्या होत्या. त्या गोळ्या कोनाड्यात राहिल्या आणि पोराच्या दंडाला ताईत चढला. ते आठवलं की तिच्या अंगाचा आजही तिळपापड व्हायचा. त्यात ठमाबाईनं गावातल्या अर्ध्या पोरांना जन्मताना हातात घेतलेलं, तिच्या नवऱ्यालासुद्धा.

गुणवंतराव जबाबदार माणूस. म्हातारीला काढायचं तर खात्री करून काढावी, म्हणून त्यांनी देवाला पुन्हा विचारलं. देवानं पुन्हा सांगितलं. पश्चिमेचं टोक, चिंच, एकटी बाई, ठमा, खोकला, करणी.

करिष्माचे कान टवकारले. खोकला तोच होता. त्याच शब्दानंतर, तसाच आखूड, शेवटी घशात अडकलेला. देवाला खोकला होऊ शकतो, हे एक वेळ मान्य करू. पण दोन्ही वेळा तो नेमक्या त्याच जागी कसा येतो?

असला खोकला तिच्या रोजच्या ऐकण्यातला होता. रानडुकरं धानात शिरतात म्हणून इकडे शेताशेतात भोंगा बांधतात. बॅटरीवरचा हातभर स्पीकर, आणि त्यात माणसाचा आवाज भरलेला. त्यांच्या शेतातल्या भोंग्यात गुणवंतरावांचा होता. हाड, हाड, मग एक खोकला, मग पुन्हा हाड. पहिले दोन दिवस डुकरं पळाली. पुढे त्यांना खोकल्यासकट सगळं पाठ झालं, आणि ती भोंग्याखाली उभी राहून निवांत धान खाऊ लागली. रोज डुकरांना फसवणारं हे गाव आज त्याच उपायानं फसत होतं, आणि डुकरांइतकीही शंका कुणाला येत नव्हती.

चार्जिंगला लावलेला भोंगा घरी ओसरीवरच होता. करिष्मा तो पदराखाली घेऊन आली आणि थेट मोटारीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. भोंग्याला रेडिओचं बटण होतं, पण उमरटोल्यात एकही स्टेशन लागत नसल्यानं ते कुणी दाबत नसे. तिनं दाबलं. आकडे भराभर पळाले आणि एका आकड्यावर थांबले. जिथे एरवी नुसती खरखर असायची, तिथे आज शांतता होती.

"बाबा, मले विचारायचं हाये," ती म्हणाली. "ठमाबाईनंच केलं काय? देवानं अजून एकडाव सांगावं."

सून शुद्धीवर आली म्हणून गुणवंतरावांनी मान डोलावली. गोमुखीत हात हलला. मोटारीतून देव बोलला, पश्चिमेच्या टोकाला, आणि त्याच क्षणी करिष्माच्या पदराखालूनही देव बोलला, पश्चिमेच्या टोकाला. तिनं भोंगा डोक्यावर धरला. मोटारीतला देव आणि डुकरं हाकलायचा देव जोडीनं खोकले.

कुणीतरी हसलं. मग मागची माणसं टाचा उंचावून भोंग्याकडे बघू लागली.

"माया है," बाबा म्हणाले. "बाईला माळेचा स्पर्श नको. मागे हो."

करिष्मा मागे झाली नाही. तिनं खिडकीतून हात घालून झेंडूचे हार बाजूला सारले. सिगारेट पेटवायच्या भोकात अंगठ्याएवढं एक यंत्र खोचलेलं होतं आणि त्यात पेनड्राइव्ह. तिनं ते उपटलं. मोटारीतल्या टेपमध्ये आणि भोंग्यात एकदमच खरखर सुरू झाली.

मग तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मूल गावी तिच्या भावाच्या जुन्या गाडीतही कॅसेटचाच टेप आहे. त्यात पेनड्राइव्ह बसत नाही, म्हणून भाऊ असलंच यंत्र लावतो. ते पेनड्राइव्हवरची गाणी हवेतून रेडिओसारखी सोडतं आणि टेपमधला रेडिओ ती पकडतो. कॅसेट कशाला लागते? आणि यंत्र हातभरावर असलं तर रेडिओला काडीही लागत नाही. आकडा जुळला, की टेपही बोलतो आणि भोंगाही.

"मंग बटन कोन दाबते?" मागून कुणीतरी विचारलं.

"माळ काढायले सांगा बाबाले," करिष्मा म्हणाली.

बाबा व्रताचं बोलू लागले. गुणवंतरावांनी काडी खाली टाकली आणि गोमुखी ओढली. आतून माळ निघाली नाही. बिस्किटाएवढा रिमोट निघाला.

"पर त्याले चिंचेखालचं घर कसं मालूम?" चंदानं विचारलं. उत्तर इसरूनं दिलं, तेही न बोलता. भीतीनं त्याला ढास लागली. आखूड, आणि शेवटी घशात अडकलेली. गुणवंतराव त्या राखेकडे बघतच राहिले.

"हा तं भंगारवाला," ते हळूच म्हणाले. "मागच्या बाजाराले माह्या ओसरीवर चहा पिऊन गेला. मीच सांगतलं याले सारं. कोन कुठी राह्यते, कोनाचं लेकरू गेलं."

म्हणजे गुणवंतरावांनी जे देवाला कळवलं, तेच देवानं गुणवंतरावांना कळवलं, आणि त्यावर गुणवंतराव थक्क झाले. पोलीस पाटलाची हुशारी ती.

बाबा मोटारीत शिरले, किल्ली फिरवली. मोटार चूं करून बसली. दुपारभर देवाला बोलवून बॅटरीत टेपपुरताच जीव उरला होता. बाबांनी खिडकीतून तोंड काढून ढकलायला माणसं मागितली. ढकलायला कुणी आलं नाही, पण मारायला बरेच आले. करिष्मा दारात आडवी उभी राहिली. ठाण्यात फोन करा, जादूटोण्याचा कायदा यासाठीच आहे, असं तिनं सासऱ्यांना बजावलं. गुणवंतरावांनी मुकाट्यानं फोन लावला.

तोवर तिनं यंत्र परत खोचलं आणि रिमोटवरचं पुढचं बटण दाबलं. एक लग्नातलं गाणं लागलं. अजून एकदा दाबलं.

"दक्षिणेच्या टोकाला हातपंपाजवळचं घर," देव म्हणाला. "एकटी बाई. इतवारी तिचं नाव." इथे देव खोकला. "तिच्या करणीनं लेकरू गेलं."

उमरटोल्यात इतवारी नावाची बाई नव्हती. ती पुढच्या कुठल्या तरी गावात होती, आणि आपलं नाव या मोटारीत भरून ठेवलंय हे तिला ठाऊकही नव्हतं. ठमाबाई गाठोड्याशेजारी बसून ऐकत होती.

"मामाजी," करिष्मा सासऱ्यांना म्हणाली, "हे डुकरायच्या तिसऱ्या दिवशी ध्यानात येते. आवाज आला तं तो कुठून आला, एवढं तरी पाहा. आन् लेकराले ताप आला तं त्याचं रक्त पाहा, म्हातारीचं घर नोका पाहू."

गाठोडं आणायला धावलेले चौघे आता कुठेच दिसत नव्हते. शेवटी गुणवंतरावांनी ते स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि चिंचेच्या घराकडे चालू लागले. ठमाबाई त्यांच्या मागे निघाली, मग थांबली, परत आली आणि चंदाच्या कडेवरच्या पोरीच्या कपाळाला हात लावला.

"लई तापली हाये," ती म्हणाली.

चंदा रडू लागली. मग तिनं पोरीची चिमुकली मूठ उघडून एक बोट करिष्मापुढे धरलं.