कळपाचा वास

दोमितिलाने शेवटचं मगभर पाणी पेलूसाच्या पाठीवर ओतलं आणि टॉवेल घ्यायला ती जराशी वळली, तेवढ्यात कुत्री टबातून निसटली. अंग झटकून तिने स्वयंपाकघराची भिंत फेसाने माखवली, उघड्या दारातून अंगणात उडी घेतली आणि तारेच्या कुंपणाखालून सरपटत पलीकडे गेली. दोमितिला टॉवेल घेऊन दारात पोचली तेव्हा मूठभर पांढरं शेपूट काटेरी झुडपांमधून ओढ्याच्या दिशेने दिसेनासं होत होतं.

तिने हाक मारली. हाक वाया गेली.

कुत्री तिची असती तर ती एवढी घाबरली नसती. कुत्री एल्विराची, म्हणजे तिच्या लेकीची होती, आणि एल्विरा आज दुपारच्या बसने साल्तियोहून तिला न्यायला यायची होती. शहरातल्या कारखान्यात नोकरीला लागल्यापासून पोरगी वर्षातून एकदा, नाताळात, घरी येई. ज्या बसने येई तिनेच परत जाई. बस पुढच्या वस्तीपर्यंत जाऊन वळून येईतो जो काही वेळ मिळे, तेवढाच तिचा मुक्काम. महिन्याभरापूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिने आईला सोबतीला बोलावलं नाही, कुत्री मात्र आणून सोडली. दोमितिलाला आधी ते फार लागलं होतं. मग तिने स्वतःची समजूत घातली, की काही का असेना, पोरगी आपल्या भरवशावर काहीतरी सोडून गेली.

जाताना एल्विरा म्हणाली होती, "अमा, मला हिच्याशिवाय कुणी नाही. हिला काही झालं तर मी या घरात परत पाऊल टाकायची नाही."

म्हणाली होती हसत, पण दोमितिला काही दूधखुळी नव्हती.

कुंपणापलीकडे शेजारीण चोना कपडे वाळत घालत होती. तिने सगळं पाहिलं होतं, आणि मदतीऐवजी तिने माहिती पुरवली. ओढ्याच्या काठाला लांडग्याच्या जातीतल्या कोयोटाची मादी व्याली आहे, मास्तरणीचं मांजर तिनेच नेलं, वगैरे.

"कुत्र्याला ती आधी खेळायला बोलावते," चोना म्हणाली. "शेपूट हलवते, लोळण घेते, चार उड्या मारून पुढं पळते. आपलं येडं जातं मागं मागं. आणि झुडपात नवरा टपून बसलेला असतो. तिचा म्हणतेय मी."

दोमितिला ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून निघाली.

ओढा नावालाच ओढा होता. त्यातून पाण्यापेक्षा धूळच जास्त वाहायची. त्याच्या पलीकडच्या उतारावर तिचा नवरा सेवेरो शेळ्या चारत होता. त्याचे दोन कुत्रे कळपाच्या दोन टोकांना शेळ्यांसारखेच रवंथ करत असल्यागत बसले होते. कुत्र्यांच्या बाबतीत सेवेरोचा एक नियम होता आणि तो त्याच्या बापापासून चालत आलेला होता. डोळे न उघडलेलं पिल्लू आईपासून काढायचं, व्यालेल्या शेळीच्या आचळाला लावायचं, करडांमध्ये झोपवायचं. त्याला नाव द्यायचं नाही, घरात आणायचं नाही, आणि हात तर कधीच लावायचा नाही. कुरवाळलेला कुत्रा माणसाच्या मागे मागे घरी येतो. न कुरवाळलेला कळपाजवळ राहतो आणि वेळ आली तर कळपासाठी मरतो. या दोघांना तो काळा आणि भुरा म्हणे, तेही फक्त ओळखू यावेत म्हणून. पेलूसालाही त्याने नावाने कधी हाक मारली नव्हती. "ते पायात येतं, त्याला आत घे," एवढंच तो म्हणायचा.

धापा टाकत दोमितिलाने त्याला झालेलं सांगितलं. कोयोटिणीचं ऐकून तो फारसा हलला नाही. आंघोळीचं ऐकल्यावर मात्र त्याने वळून पाहिलं.

"साबण लावलास?"

"लव्हेंडरचा. घाण वास मारत होती हो. पोरगी काय म्हणाली असती?"

"वास गेला?"

"गेला म्हणजे काय. दोनदा चोळली."

सेवेरोने डोक्यावरची हॅट काढली आणि पुन्हा घातली.

"तो वास मीच लावला होता," तो म्हणाला. "रोज पहाटे शेळीचं दूध चोळतो तिला. नाहीतर या दोघांनी पहिल्याच दिवशी फाडली असती."

दोमितिला नवऱ्याकडे बघतच राहिली. रोज सकाळी ही चिमुरडी कुत्री गोठ्याच्या फाटकाशी जाऊन बसते आणि ते दोन राक्षस तिला काही करत नाहीत, याचं तिला नवल वाटे. कुत्रीच गोंडस आहे, त्यांनाही माया आली असेल, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"तुम्ही? हातानं?"

"मग काय पायानं?"

पुढे बोलायला सवड मिळाली नाही. काळा उठून उभा राहिला होता. ओढ्याच्या पात्रात, अगदी उघड्यावर, पेलूसा उड्या मारत होती. तिच्यापुढे दोन हातांवर कोयोटाची मादी होती, कोल्ह्याहून थोराड, बाळंतपणाने खंगलेली, फासळ्या दिसणारी. ती पुढचे पाय पसरून वाके, मग उडी मारून थोडी मागे सरके, आणि पेलूसा शेपूट हलवत तेवढीच पुढे जाई. चोनाने सांगितलं होतं तसंच सगळं चाललं होतं. पलीकडच्या झुडपात काहीतरी करड्या रंगाचं हललं.

कुत्रीला वाचवायचं तर तिला इकडे बोलवायला हवं होतं, आणि इकडे भुरा होता. भुऱ्याच्या लेखी आता ती साबणाचा वास मारणारं कुठलं तरी परकं जनावर होती. सेवेरोने एकदा झुडपाकडे, एकदा भुऱ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्याने हाक मारली.

"पेलूसा. ये पोरी. पेलूसा."

पोरी हा शब्द नवऱ्याच्या तोंडून दोमितिलाने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

पेलूसाने कान टवकारले आणि ती खेळ टाकून सरळ त्याच्याकडे धावत सुटली. मादी तिच्या मागे लागली, झुडपातला नरही बाहेर पडला. काळा न भुंकता उतारावरून खाली गेला. आपल्यापेक्षा दुप्पट जनावर अंगावर येतंय म्हटल्यावर दोघं कोयोट फिरले आणि पात्रातून वाकडेतिकडे पळाले. काळा वळणापर्यंत त्यांच्या मागे गेला. मादीने तेवढ्यात एकदा थांबून मागे बघितलं. तिलाही पिल्लं होती, घरी भुकेली असतील, असं नको त्या वेळी दोमितिलाच्या मनात आलं.

तोवर भुऱ्याने पेलूसाला गाठलं होतं. ती उताणी पडून थरथरत होती आणि तो तिच्यावर उभा राहून गुरगुरत होता. सेवेरोने शीळ घातली. भुऱ्याने ढुंकूनही पाहिलं नाही. माणसाचं ऐकायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग सेवेरोने जवळच्या दुभत्या शेळीला शिंगाला धरलं आणि ओढत तिथवर नेलं. गुडघ्यांनी अधू झालेला माणूस, पण धपकन खाली बसला, एका हाताने पेलूसाला भुऱ्याच्या दातांखालून ओढून मांडीत घेतलं आणि दुसऱ्या हाताने आचळ पिळून दुधाची धार तिच्या डोक्यावर, कानांवर, पाठीवर सोडली. भुऱ्याचं तोंड त्याच्या मनगटापासून चार बोटांवर होतं. दोमितिलाने डोळे मिटले नाहीत. दूध मातीत मिसळलं. सेवेरो तळहाताने ते कुत्रीच्या अंगाला चोळत राहिला, सावकाश, घाई नसल्यासारखं.

भुऱ्याने वास घेतला. पुन्हा घेतला. मग पेलूसाचा कान एकदा चाटला आणि कंटाळल्यासारखा आपल्या जागी जाऊन बसला.

दोमितिला तिथेच मातीत बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण हसू आलं. दूध आणि चिखलाने लडबडलेली ती कुत्री आता बोळ्यासारखी दिसत होती आणि तिची ती अवस्था बघून सेवेरोलाही हसू फुटलं. तो हसताना त्याचे पडलेले दात दिसत, म्हणून एरवी तो तोंडावर हात धरी. आज दोन्ही हात गुंतलेले होते.

पुन्हा आंघोळ घालायला पाणी नव्हतं. टँकर यायला अजून अवकाश होता. एल्विरा बसमधून उतरून घरात आली, तेव्हा पेलूसा तशीच तिच्या अंगावर झेपावली. दोमितिलाने एका दमात जवळजवळ सगळं सांगून टाकलं, साबण, कोयोट, भुरा, आणि शेवटी हेही, की दोष असलाच तर माझा आहे. एल्विराने कुत्रीच्या मानेत नाक खुपसलं. ऑपरेशननंतर ती वाळली होती.

"कुणी चोळलं हे दूध?" तिने विचारलं.

"मांडीवर घेऊन चोळलं," म्हणत दोमितिलाने हनुवटीने दाराकडे खूण केली. सेवेरो उंबऱ्याबाहेर उभा होता, जणू हे घर दुसऱ्या कुणाचं होतं.

"तुम्ही हिला मांडीवर घेतलंत, अपा?"

"घ्यावं लागलं."

"मला कधी घेतलं नाहीत."

टोमणा नव्हता तो. दूध संपलंय, असं सांगावं तशी ती म्हणाली. पण आता ही पिशवी उचलेल, असं दोमितिलाला वाटलं.

सेवेरो बोटांना चिकटलेला चिखल खरवडत होता.

"कुत्री जायचीच होती," तो म्हणाला. "तिला जवळ घेतलं काय, न घेतलं काय. तू राहावीस असं वाटत होतं."

एल्विराला कळलं नाही. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"हात न लावलेलं जनावर सोडून जात नाही," तो म्हणाला. "मला तेवढंच येत होतं, पोरी. दुसरं कुणी शिकवलं नाही."

स्वयंपाकघरात राजम्याचं पातेलं रटरटत होतं. दोमितिलाने ते उतरवलं नाही. एवढी वर्षं एका छपराखाली काढून हे तिलाही ठाऊक नव्हतं आणि तिला नवऱ्याचा राग यावा की कीव, हे तिला ठरवता येईना.

"मला वाटायचं मी तुम्हाला नकोच आहे," एल्विरा म्हणाली. "म्हणून तर गेले मी."

सेवेरोने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं. एल्विरा पुढे झाली आणि उंबऱ्यावर बसली, त्याच्या पायांशी, कुत्री मांडीवर घेऊन. तो वरून तिच्या केसांच्या भांगाकडे बघत राहिला.

"हात घाण आहेत," तो म्हणाला.

"असू देत."

रस्त्यावर परतीची बस येऊन थांबली आणि ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. दोमितिलाने एप्रनला डोळे पुसले. त्या दोघांना ओलांडून ती बाहेर गेली आणि कुणालाही न विचारता तिने ड्रायव्हरला सांगितलं, की इथून आज कुणी येणार नाही, तू जा.