नळीतला बुडबुडा

अष्टमीच्या पुलाजवळ काळुरामचं गॅरेज. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या घेऊन पार पेणपासून लोक यायचे, कारण ऑइल पंपातली हवा काढावी ती त्यानंच. पंपाचा स्क्रू सैल करायचा, नळीतून तेल उतरू द्यायचं, शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत श्वास धरून बसायचं. एक जरी राहिला, तरी इंजिनाचं तेल अडतं. अकरा वर्षं त्या प्रत्येक बुडबुड्यात त्याला महिपती दिसत होता.

जोहे गावचा महिपती, गणपतीचे डोळे आखणारा. एका गुरुवारी काळुरामनं त्याच्या गाडीच्या पंपातली हवा काढली. रविवारी नागोठण्याच्या रस्त्यावर तेलावाचून इंजिन जाम झालं, चाक अडकलं, मागून ट्रक आला. एखादा बुडबुडा राहिला असेल का माझ्या हातून? काळुरामनं हे कुणाला विचारलं नाही. जोह्याची वाट मात्र सोडली.

आणि आता महिपतीची बायको बायजा तीच गाडी टेम्पोत घालून आली. "भावजी, एकदा चालू करून द्या. त्यांच्या येण्याचा आवाज इसरायला लागलेय मी."

आठवड्यानं ती परत आली, तेव्हा नवा पिस्टन बसला होता. पंप तेवढा उरला होता. काळुरामनं ऑइलच्या टाकीत ताजं तेल ओतलं, झाकण लावलं, स्क्रू सैल केला. चार थेंब आले. मग तेही थांबले. त्यानं झाकण उघडलं, तशी टाकीनं उसासा टाकला आणि तेल धावलं.

झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. तिथून हवा आत शिरली तरच तेल खाली उतरतं. त्या भोकात शाडू होती, वर बोटाचा गुळगुळीत ठसा.

"हे कुणी बुजवलं, वहिनी?"

"मीच की! तुमच्याकडून गाडी आली त्याच सांजेला. गणपतीच्या कारखान्यात धूळ काय थोडी उडते? तर हे हसले. म्हणाले, गाडीचं पण नाक पुसतेस व्हय गो?" बायजा हसली, मग थांबली. "भावजी, तवा बिघडलं काय होतं?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा काळुरामचा श्वास पोटापर्यंत गेला. त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं. नखांत अजून ओली शाडू होती.

"माझ्या हातून झालं. पंपात हवा ऱ्हायली होती."

"म्हणून जोह्याला तोंड दाखवलं नाय?"

"व्हय." तो खाली बघत म्हणाला, "किक मारू?"

"नको. तुमच्याच दारात उभी ऱ्हाऊ दे ती."

ती पुलाकडे चालू लागली. काळुरामनं टाचणीनं शाडू उकरली, बोटांत चुरली आणि किक मारली. इंजिनाचा आवाज आणि निळा धूर पुलाकडे निघाला.

बायजा थबकली. वळली मात्र नाही.