सायलेन्सरकडची बाजू

“आधी हे उघड मामा, बाकीच्या गप्पा नंतर,” म्हणत भाचीने साखळी-करवतीचं मशीन टेबलावर ठेवलं, म्हणजे जवळजवळ आदळलंच. तिच्या मागून भावजी आले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर परक्यासारखे कडेला बसले.

मामा लहान इंजिनांचा मिस्त्री. बहीण गेल्यापासून भावजी आणि भाची दोघं मिळून झाडं उतरवायचं काम करत. भावजी कापायचे, भाची दोर धरायची आणि झाड कलायला लागलं की हाक मारायची. मामाने स्टार्टरची दोरी ओढली. ती ढिम्म हलेना.

“जाम झालंय,” तो म्हणाला.

“होणारच! पेट्रोलमध्ये तेल घालायला विसरले हे.”

“घातलं होतं,” भावजी म्हणाले.

“तुम्हाला हल्ली काही आठवतं का बाबा? एक गोष्ट चारदा सांगावी लागते. मामा, तूच बघून सांग. तेल नसलं, तर आजपासून यांनी झाडाखाली जायचं नाही. घरी बसायचं.”

भावजी बाकाची सैल झालेली फळी दाबून बघू लागले. या माणसाला घरी बसता येत नाही, हे मामाला पक्कं ठाऊक होतं. पाहुणे म्हणून आले तरी ते डुगडुगणाऱ्या खुर्चीचा पाय ठोकायला घ्यायचे. कामाविना ते वर्षभरात खंगले असते.

या जातीच्या इंजिनाला पेट्रोलमधलं तेलच काय ते ओलं ठेवतं. तेल नसलं की पिस्टन चहूबाजूंनी खरवडून निघतो. मामाने सायलेन्सर काढून भोकातून बॅटरी मारली. पिस्टनवर उभे, खोल ओरखडे होते. भाचीनेही वाकून पाहिलं.

“बघ! मी काय म्हणत होते?”

“थांब गं बाई. एकच बाजू दिसतेय इथून.”

त्याने बोल्ट सोडवून सिलिंडर वर उचलला आणि पिस्टनची पलीकडची बाजू उजेडात धरली. तिथे कारखान्यात घडताना उठलेल्या बारीक रेषासुद्धा जशाच्या तशा होत्या. त्याने बोट फिरवलं आणि तेलाने ओलं झालेलं ते बोट भाचीपुढे धरलं.

“तेल नसतं तर हीही सोलली असती. तेल होतं.”

“मग जाम कसं झालं?”

मामाने कार्बोरेटरजवळची रबरी नळी वाकवून दाखवली. तिला चीर गेली होती. “इथून फुकटची हवा आत शिरली. पेट्रोल कमी पडलं, त्याबरोबर तेलही. सायलेन्सरकडची बाजू सगळ्यात गरम, ती आधी गेली. विसरण्याचा काही संबंध नाही यात.”

भाचीचा जीव भांड्यात पडला. “चुकलं माझं बाबा,” ती म्हणाली. भावजींनी नुसती मान हलवली.

इथेच थांबावं असं मामाला फार वाटलं. पण जास्तीची हवा ओढणारं इंजिन गुपचूप मरत नाही. ते आधी बारीक, चढ्या आवाजात किंचाळतं, रस्त्यावरचा माणूससुद्धा वळून बघतो. आणि भावजी तर जन्मभर कानानेच मशीन चालवत आले होते.

“भावजी, हे ओरडलं असणार. बंद का नाही केलंत?”

भावजींनी मशीनच्या मुठीवरून हात फिरवला.

“मला वाटलं, आज बरं शांत चाललंय.”

भाची त्यांच्याकडे बघतच राहिली. “म्हणजे माझी हाक...?”

भावजी मामाकडे वळले. मामाने आपल्या जाड्याभरड्या आवाजात तिचा प्रश्न पुन्हा विचारला.

“तुझं बोलणं कळतं मला. हिचा आवाज बारीक आहे. समोर असली तर ओठ बघतो. झाडाखालून कसं बघणार?”

“आणि मी घरात सांगते ते?” ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

“विसरत नाही गं. पोचतच नाही ते.”

“मग बोलला का नाहीत?”

“विसरलो म्हटलं की तू चिडायचीस. पण सकाळी बरोबर न्यायचीस. ऐकू येत नाही म्हटलं असतं तर नेलं नसतंस.”

मामाला आधी त्यांचा संताप आला. एखादं झाड अंगावर आलं असतं! मग मात्र त्याने भावजींच्या खांद्यावर हात ठेवला. भाची ओढणीने डोळे पुसत होती. तिने ते लपवलंही नाही.

“नवा पिस्टन, सिलिंडर बसव, नळीही बदल,” भावजी म्हणाले. “यापुढे ही कापेल. दोर मी धरीन. त्याला डोळे लागतात, ते शाबूत आहेत माझे.”

त्यांना कुणी अडवलं नाही. मामाने दुपार घालवून सगळं जोडलं. भाचीने दोरी ओढली आणि मशीन सुरू झालं. मामा कार्बोरेटरचा स्क्रू जरा जरा फिरवत आवाज जुळवू लागला, तसे भावजी उठून जवळ आले. त्यांनी टेबलावर तळहात टेकला आणि मुलीच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, “बरोबर वाजतंय?”

तिने नीट कान देऊन ऐकलं आणि त्यांना दिसेल अशी होकाराची मान डोलावली.