माझा कोंडलेला श्वास

हो, बोलणारा मीच. लखनौच्या इंदिरा नगरात कडुनिंबाखाली उभा असलेला हा जुना डिझेल ट्रक. वय झालंय माझं, पण आवाज अजून खणखणीत आहे.

जन्म कारखान्यातला, पण मला माणसांत आणलं दादाराव वानखडेंनी. मूळचे अकोल्याचे. लष्कराच्या गाड्या चालवून ते लखनौलाच निवृत्त झाले आणि त्यांनी मला विकत घेतलं. हंगामात मी जवळच्या मलिहाबादहून दशहरी आंब्यांच्या पेट्या वाहायचो. चौदा एप्रिलला मात्र दादाराव मला आंघोळ घालायचे, फुलांनी सजवायचे आणि माझ्या पाठीवर बाबासाहेबांची प्रतिमा ठेवायचे. त्या दिवसाची ऐट काय सांगू!

मग मी गळायला लागलो. उभा राहीन तिथं काळं थारोळं. मेकॅनिक यायचे, इंजिनाच्या तळाचं ऑइल चेंबर उघडायचे, नवं पॅकिंग लावून जायचे. पुन्हा तेच. माणसांची ही सवयच आहे. डाग दिसतो तिथंच पुसत बसतात.

गेल्या जयंतीला हजरतगंजमध्ये माझं तेल रस्त्यावर सांडलं. मिरवणुकीत माझ्या मागून चालणाऱ्या शेजारच्या नयनाताई त्यावरून घसरल्या, मनगट मोडलं. त्यानंतर दादाराव माझ्याकडे बघेनातच.

यंदा जयंती समितीचे भास्करराव घरी आले. "दादाराव, वाईट वाटून घेऊ नका. या वर्षी दुसरा ट्रक सांगतो."

"बरोबर आहे तुमचं," दादाराव एवढंच म्हणाले.

मुलगा अभय हळूच बोलला, "पापा, अब कबाड़ में दे दो ना."

मी, आणि भंगारात! तेवढ्यात थोरली मुलगी माया बाहेर आली. ती बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे. "काका, रविवारपर्यंत थांबा. नाही जमलं तर दुसरा ट्रक मीच सांगेन."

तिनं आधी काहीच उघडलं नाही. डिझेल आणि ब्रशनं माझं इंजिन घासून काढलं, वाळवलं, त्यावर सगळीकडे खडूची पूड लावली आणि ते सुरू केलं. थोड्या वेळात पांढऱ्या पुडीवर काळा ओघळ उमटला.

"बाबा, इकडे या! हे खालून नाही, वरच्या झाकणातून येतंय. पाठीमागून ओघळतं, म्हणून दिसत नव्हतं."

दादाराव वाकले. "पण त्या झाकणाचं पॅकिंग तर दिवाळीत मेकॅनिकनं इंजिन उघडलं तेव्हाच बदललंय."

मायानं मग तेल भरायचं बूच काढलं. भप्पकन धूर तिच्या तोंडावर आला. खोकता खोकता ती हसली. "अच्छा! याचा श्वास कोंडलाय बाबा. ब्रीदर बघा."

ब्रीदर म्हणजे माझ्या आतली वाफ बाहेर सोडणारी नळी. तिच्यात काळा गाळ घट्ट बसला होता. वाफेला वाट नाही, मग ती पॅकिंग फोडून तेल बाहेर ढकलणार नाही तर काय! बापलेकीनं नळी साफ केली, नवं पॅकिंग बसवलं. दादाराव जोर लावून बोल्ट पिळायला लागले तशी माया ओरडली, "हळू बाबा! सगळे थोडे थोडे आवळायचे." त्यांनी हात सैल केला आणि ती सांगेल तसे बोल्ट आवळत गेले. किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला!

रविवारी भास्कररावांनी माझ्याखाली वर्तमानपत्र पसरलं आणि इंजिन चालू ठेवायला लावलं. कागद कोरडा राहिला. ते म्हणाले, "प्रतिमा याच्यावरच चढेल."

खरी कसोटी मिरवणुकीत होती. पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी चालायचं, वरून ऊन, इंजिन तापून लाल. नयनाताई मुद्दाम माझ्या मागेच चालत होत्या. हजरतगंजला आम्ही थांबलो तसे दादाराव खाली उतरले आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांत सरळ रस्त्यावर आडवे होऊन माझ्याखाली शिरले.

"अहो, कपडे!" नयनाताई ओरडल्या.

दादाराव बाहेर आले. धूळ होती अंगावर, पण तेलाचा एक ठिपका नाही. नयनाताईंनी तोच बरा झालेला हात उंच केला, "जय भीम!" आणि अख्खा रस्ता दुमदुमला. दादारावांनी माझ्या बॉनेटवर डोकं टेकवलं.

आता आंब्याचा हंगाम आहे. माया सुट्टी काढून स्वतः मला चालवते. मलिहाबादच्या वाटेवर मागून माझा हॉर्न ऐकू आला, तर जरा बाजू द्या. मी भरून येतोय, आणि जोरात येतोय!